शेजारच्या टेबलावरची शाळा

आमगावात मला सगळे मॅडम म्हणतात. सतरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत घालवली की नाव मागे पडतं आणि मॅडम तेवढं उरतं. किराण्याच्या दुकानात, बस स्टँडवर, दवाखान्यात कुणी "मॅडम, बसा" म्हटलं की ते मलाच, याची इतकी सवय झाली होती की त्यात काही सुख असतं हेही मी विसरले होते. मग शेजारच्या घरात ती बाई राहायला आली. दोनेक महिन्यांनी भाजीवाली फाटकाशी उभी राहून म्हणाली, "मॅडमनं टमाटर मांगितले होते, घरी नाहीत का?" मी म्हटलं, मी कधी मागितले? तर म्हणते, "तुमी नाही जी. त्या बाजूच्या मॅडमनं." एवढ्याशा गोष्टीनं माझा सगळा दिवस खराब गेला, आणि तो का खराब गेला हे मला त्या दिवशी कळलं नाही.

ती बाई अमेरिकेतली. तिचा नवरा तांदळाच्या मिलमध्ये काळा दाणा वेचून बाजूला फेकणारी मशीन बसवून देतो. गोंदियात मिलांना काय तोटा! कंपनीनं त्याला तीन वर्षांसाठी इकडे पाठवलं, आणि शहरातला आवाज नको म्हणून त्यानं आमगावात आमच्या शेजारचं घर घेतलं. घरमालक नागपूरला मुलाकडे असतात. दोघांना दोन मुली. थोरली नऊ वर्षांची, म्हणजे माझ्या लेकीएवढीच, आणि धाकटी सात वर्षांची. माणसं ख्रिश्चन, देवभोळी. आणि मुली कुठल्याच शाळेत जात नाहीत, आई त्यांना घरीच शिकवते, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. गल्लीतल्या एका काकूंनी मला विचारलं, "घरी काऊन शिकवते? त्यांच्या तिकडं शाळा नाहीत का?" मी शिक्षिका म्हणून मला विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याचाही राग मी त्या बाईवरच काढला.

त्यांचा व्हरांडा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येतो. मधे छातीएवढी भिंत. व्हरांड्यात एक लांबलचक टेबल. सकाळी मी डबे भरत असायचे तेव्हा ते चौघं टेबलाभोवती हात धरून, डोळे मिटून बसलेले असायचे. नवरा दोन वाक्यांची प्रार्थना म्हणायचा. मग खाणं. मग बाई बायबलातलं एखादं पान वाचायची, एक गाणं व्हायचं, त्यात धाकटी हमखास बेसूर. मग नवरा मोटरसायकलवर गोंदियाला जायचा आणि मुली बशा धुऊन, तेच टेबल पुसून त्यावर वह्या मांडायच्या. झाली शाळा सुरू. घंटा नाही, परिपाठ नाही, हजेरी नाही. थोरलीच्या पायात चप्पल नसायची, धाकटी रात्रीच्याच कपड्यात, केस पिंजारलेले. माझ्या वर्गात असं कुणी आलं असतं तर मी त्याला नळावर पाठवलं असतं.

मी हसायचे आधी. नवऱ्याला म्हणायचे, ही काय शाळा आहे का? तांदूळ वाट्यांनी मोजतात, म्हणे गणित. मालगाडी गेली की पळत मागच्या गच्चीवर जातात, डबे मोजतात, गाडी किती वेगानं गेली ते वहीत मांडतात, मग नकाशा काढून ती कुठून कुठं जात असेल यावर तासभर चर्चा. एकदा भिंतीपलीकडून धाकटीनं कुठल्याशा पक्ष्याचं नाव विचारलं. बाई म्हणाली, मला माहीत नाही, चल शोधू. आणि खरंच हातातलं काम टाकून तिघी चिंचेखाली मान वर करून उभ्या राहिल्या. मी खिडकीशी पोळ्या लाटत होते. सतरा वर्षांत मी वर्गात एकदाही "मला माहीत नाही" म्हटलेलं नव्हतं. हात तसाच लाटण्यावर ठेवून मी त्यांच्याकडे बघत राहिले, आणि माझी पोळी तव्यावर करपली.

माझा दिवस सांगते. पाचला उठायचं. सव्वासातला मुलीची व्हॅन. मी जिल्हा परिषदेची मास्तरीण आणि माझी मुलगी इंग्लिश मिडियमला, यावरून लोक टोमणे मारतात. मारू देत. साडेदहाला माझी शाळा. शाळेत शिकवायचं, खिचडी चाखून वहीत लिहायचं, वरून आलेली माहिती मोबाइलवर भरायची, मिटिंग. साडेपाचला घरी. नवऱ्याचं खतं-बियाण्यांचं दुकान, तो आठशिवाय येत नाही. मग मी लेकीसमोर बसायचे. बसायचे म्हणजे काय, कुकर लावता लावता मागे वळून ओरडायचे. "झालं का? अजून तिथंच? लवकर लिही." परक्यांच्या चाळीस लेकरांना समजावून सांगताना जो गळा दिवसभर खर्च व्हायचा, त्यातला उरलेला खरखरता भाग माझ्या मुलीच्या वाट्याला यायचा. हे मला तेव्हाही माहीत होतं. नोकरी करणाऱ्या सगळ्याच बायांचं असं असतं म्हणून मी ते बाजूला सारत होते.

दिवाळीच्या सुट्टीत लेक भिंतीवर चढून त्या थोरलीशी बोलायला लागली. भाषेची दोघींना काही अडचण आली नाही. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, बाकी हातवारे. सुट्टी संपल्यावर व्हॅनमधून उतरली की दप्तर घरात फेकून ती पलीकडे जायला लागली. तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, तेव्हा लहान दिरांकडे राहायला गेल्या होत्या, म्हणून दुपारचं घर रिकामंच असायचं. मला आधी बरंच वाटलं. मुलगी कुणाच्या तरी नजरेखाली असते म्हणून. वर फुकटात इंग्रजी सुधारेल, हाही हिशेब मनात होता.

मग एका शनिवारी शाळा अर्धी होती आणि मी लवकर आले. परसात कपडे वाळत घालत होते. पलीकडे बाई काहीतरी वाचून दाखवत होती. वाचून झाल्यावर तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "अब बताओ." ही त्यांच्या घरातली पद्धत. बाई वाचते, पुस्तक मिटते, आणि मग मुलीनं ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं. प्रश्न विचारायचे नाहीत, मधे टोकायचं नाही, चुकलं तरी शेवटपर्यंत सांगू द्यायचं. मला वाटलं थोरली बोलेल. पण आवाज आला तो माझ्या मुलीचा. माझी मुलगी, जिला मी "आज शाळेत काय झालं?" विचारलं की "काही नाही" म्हणते, ती हिंदीत, इंग्रजीत, मधेच झाडीपट्टीच्या बोलीत, एका म्हाताऱ्या कोळ्याची गोष्ट सांगत होती, आणि सांगतच होती. होडी उलटली तेव्हा तिनं आवाज बारीक केला. मासा सापडला तेव्हा टाळी वाजवली. आणि ती बाई गप्प बसून ऐकत होती. बटाटेसुद्धा सोलत नव्हती.

मी ओला टॉवेल हातात धरून भिंतीशी उभी होते. असूया म्हणजे काय ते मला त्या दिवशी नेमकं कळलं. मला त्या बाईच्या टेबलाचा हेवा वाटला, तिच्या वेळेचा वाटला, तिच्या गप्प बसण्याचा तर सगळ्यात जास्त. माझी पोरगी कशी बोलते हे तिला माहीत होतं आणि मला नव्हतं.

त्यानंतर मला तिच्या घरातलं सगळंच खुपायला लागलं. रविवारी त्यांच्याकडे चूल पेटत नसे. देवानं सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून बाई शनिवारीच सगळं रांधून ठेवायची आणि रविवारी प्रार्थना झाली की खुर्ची टाकून चिंचेखाली पाय पसरून बसायची. माझा रविवार म्हणजे आठवड्याचे कपडे, जाळ्या काढणं, डाळ-तांदूळ निवडणं, इस्त्री. एका रविवारी ती तिथून मला म्हणाली, "आइए, बैठिए." बैठिए म्हणे! माझ्या हातात तेव्हा मोरीचा ब्रश होता. मी हसून मान हलवली आणि आत येऊन बादली आपटली. नवरा म्हणाला, "तुले काऊन एवढं लागून राहिलं? तिचे लेकरं, तिचं घर, ती शिकवून राहिली."

"आपली पण शिकवून राहिली ना ती," मी म्हटलं.

"मग चांगलंच आहे का नाही?"

पुरुषांना सगळं चांगलंच दिसतं.

एकदा जेवायला बसलो तर लेकीनं डोळे मिटले. हात जोडले आणि पुटपुटली, व्हॅनवाल्या काकांबद्दल थँक्यू, वांग्याच्या भाजीबद्दल थँक्यू, आंटीच्या मांजराबद्दल थँक्यू. नवरा हसला. मी म्हटलं, "आपल्यात असं नाही करत. आपल्यात जेवणाआधी श्लोक म्हणतात."

"पण आपण कुठं म्हणतो?" ती म्हणाली.

बरोबर होतं तिचं. आपण टीव्ही लावतो. गल्लीत कुजबूज चालायचीच की ही माणसं धर्म पसरवायला आली असतील. मी इतकी पेटले होते तरी एवढं खोटं मला बोलवेना. त्यांनी कधी कुणाच्या हातात कागदसुद्धा दिला नव्हता. मला त्यांच्या देवाची भीती नव्हती. त्या थँक्यूच्या यादीत मांजर होतं आणि मी नव्हते, एवढंच माझं दुखणं होतं.

आणि मग सर्वेक्षण आलं.

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण म्हणजे आम्हा शिक्षकांच्या मागचं एक काम. सहा ते चौदा वयाचं कुठलं मूल शाळेत जात नाही, ते घरोघरी फिरून शोधायचं, छापील तक्त्यात नाव, वय, पत्ता आणि कारण लिहायचं. मग ते मूल जवळच्या शाळेत, वयाला योग्य अशा वर्गात दाखल करून घ्यायचं. काम चांगलं आहे. त्या वर्षी मी रेल्वे लाइनकडेच्या पालांवर गेले होते. चटया विकणारी माणसं उतरली होती, त्यांच्या तीन मुलांची नावं लिहिली. ती मुलं पुढे महिनाभर शाळेत आली, मला त्याचा अभिमान आहे. मग आमची गल्ली आली. आमची गल्ली माझ्याच वाट्याला होती.

त्या बाईचं घर मी सोडू शकत होते. परदेशी माणसं, त्यांना हा तक्ता लागू होतो की नाही हे केंद्रप्रमुखांना एक फोन करून विचारता आलं असतं. मी फोन केला नाही. मी साडी नीट करून, गळ्यात ओळखपत्र अडकवून फाटक वाजवलं.

बाईनं माझं किती स्वागत केलं! सरकारी काम म्हटल्यावर तिनं हात पुसले, लिंबाचा चहा केला, मला त्या टेबलाशी बसवलं. मी पहिल्यांदाच तिथं बसत होते. मी विचारलं, मुली कोणत्या शाळेत? ती हसून म्हणाली, "स्कूल नहीं. मैं पढ़ाती." मग मुलींना हाक मारून तिनं त्यांच्या वह्या माझ्यासमोर ठेवल्या. आमगावच्या तळ्यावरचे पक्षी, धानाचं रोप मुळासकट, मालगाड्यांचे तक्ते. वही उलटता उलटता मधेच एक वेगळं अक्षर आलं. खाली माझ्या मुलीचं नाव. तिनं आमच्या घराचं चित्र काढलं होतं. खिडकी होती, खिडकीत कोणी नव्हतं.

मी वही मिटली आणि पेन काढलं. दोघींची नावं लिहिली. वयं लिहिली. "कधीच शाळेत दाखल नाही" या रकान्यात खूण केली. मग कारणाचा रकाना. स्थलांतर लिहिता आलं असतं, ते खोटंही नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर ते रिकाम्या खिडकीचं चित्र होतं. मी थोरलीपुढे लिहिलं, घरकाम, कारण ती बशा धुवायची. आणि दोघींपुढे मिळून, ठसठशीत अक्षरात लिहिलं: पालकांची अनास्था. समोर बाई मला विचारत होती, चहात साखर कमी तर नाही ना. तिला मराठी वाचता येत नव्हतं. तिनं सांगितलं तिथं सही केली आणि मला फाटकापर्यंत सोडायला आली.

पुढचं सगळं नियमानं झालं. आठ दिवसांनी केंद्रप्रमुख आणि आमचे मुख्याध्यापक तिच्या घरी गेले. मी बरोबर गेले नाही, डोकं दुखतं म्हणून सांगितलं. केंद्रप्रमुखांनी तक्त्याच्या पानाची झेरॉक्स तिच्या हातात दिली, मुली उद्यापासून जवळच्या शाळेत पाठवा, काही म्हणणं असेल तर लेखी द्या, असं सांगितलं. मला वाटलं होतं ती भांडेल. नवरा कंपनीच्या वकिलाला फोन लावेल. नाहीतर ती माणसं घाबरून गोंदियाला राहायला जातील, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

पण ती ना भांडली, ना गेली. ज्या देशात राहायचं तिथल्या सरकारचं ऐकायचं, असं त्यांच्या धर्मात आहे म्हणे. दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती दोन्ही मुलींना घेऊन शाळेच्या फाटकाशी हजर. केस विंचरलेले, पायात बूट, गळ्यात पाण्याच्या बाटल्या. जवळची शाळा म्हणजे माझीच. वयाला योग्य वर्ग म्हणजे थोरलीसाठी चौथी. चौथीला मी.

मुख्याध्यापकांनी गुलाबाचं फूल दिलं, पुस्तकं दिली, फोटो काढला. बाई फाटकाशी थांबली. घंटा झाली, पोरी आत आल्या तरी ती तिथंच. दोन्ही हातांत काय धरावं हे तिला कळत नव्हतं. मी वर्गाच्या दारातून बघत होते. मला वाटलं होतं मला आनंद होईल. झालाही थोडा, खोटं कशाला बोलू! वाटलं, आता बघ, संध्याकाळपर्यंत लेकरू दुसऱ्या बाईजवळ असलं की कसं होतं ते. मग तिनं पदर नसलेल्या फ्रॉकच्या बाहीनं डोळे पुसले आणि ती निघून गेली.

थोरली पोर पहिल्या बाकावर बसली. तिला मराठी जेमतेम. बाकीची मुलं तिच्याकडे जत्रेतल्या पाळण्याकडे बघावं तशी बघत होती. ती मात्र माझ्याकडे बघत होती, मी पुढे काय सांगते याची वाट बघत. तिसऱ्या दिवशी धडा वाचून झाल्यावर मी सवयीनं प्रश्नोत्तरं लिहायला फळ्याकडे वळले, तर ती हात वर करून म्हणाली, "मैं बताऊँ?" आणि तिनं मोडक्या हिंदीत धडा सांगितला. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो कधी तोंड उघडत नाही, म्हणाला, "मी पण सांगतो." त्या दिवशी प्रश्नोत्तरं राहिली. मी सांगायला लावत गेले, मुलं सांगत गेली. कित्येक वर्षांत वर्गात मला इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि बरं वाटतंय ते त्या बाईच्या उसन्या पद्धतीमुळे, हे आठवून मी पुन्हा जळत होते.

घरी उलटंच झालं होतं. मुली दिवसभर शाळेत, त्यामुळे दुपारी बाई एकटी. माझी लेक दोनलाच व्हॅनमधून उतरायची आणि तिच्याकडे जायची. आता ती बाई माझ्या मुलीला पूर्ण मिळायला लागली, दोन वाटेकरी कमी झाले. मी त्या घराची शाळा मोडायला निघाले आणि माझ्याच हातांनी त्या शाळेत माझ्या मुलीला एकटीला पहिल्या बाकावर बसवून आले. दोघींनी मिळून पाव भाजला, तो माझ्या घरी आला. मी तो खाल्ला नाही. रात्री नवऱ्यानं संपवला आणि छान आहे म्हणाला.

ती नावं पुढे मी स्वतः कमी करून घेतली. केंद्रप्रमुखांना जाऊन सांगितलं की कारण चुकीचं लिहिलं, चूक माझी. ते म्हणाले, "तुमच्याकडून असं नव्हतं वाटलं, मॅडम." बाईलाही सांगितलं, तिच्या टेबलाशी बसून. तिनं मला पाणी दिलं आणि मी प्यायल्यावर म्हणाली की तिला राग आला आहे, तो जायला थोडे दिवस लागतील. इतकं साधं बोलता येतं हे पाहून मला तिचा पुन्हा हेवा वाटला. मुली परत घरी शिकायला लागल्या. ते शेजारी अजून आहेत. पण हे सगळं ज्या संध्याकाळमुळे झालं ती सांगायची राहिली आहे.

मुली शाळेत यायला लागून दहा-बारा दिवस झाले असतील. मी घरी आले, पर्स टेबलावर ठेवली. लेक अभ्यासाला बसली होती, चक्क न सांगता. पुढ्यात एक कागद होता. म्हणाली, "आई, आंटीनं हे वाचून सांग म्हटलं. तिले ऑफिसात काहीतरी लिहून द्यायचं आहे, तर आधी ह्याच्यात काय लिहिलंय ते पाहिजे." मी विचारलं, मला का नाही दिलं? तर म्हणाली, "ती म्हणे, मम्मी थकून येते, तिले त्रास नको देऊ."

ती माझ्या तक्त्याची झेरॉक्स होती.

"हे तुझं अक्षर आहे ना?" तिनं बोट ठेवलं. "माझ्या डब्यावर नाव लिहितेस तसंच आहे. सगळं आलं मले वाचता. हा एकच शब्द नाही आला. अनास्था म्हणजे काय?"

खोटं सांगता आलं असतं. दहा अर्थ बनवून सांगता आले असते, सतरा वर्षं तेच करते. पण ती आता भिंतीपलीकडे जाऊन हे त्या बाईला सांगणार होती, आपल्या शब्दांत, शेवटपर्यंत. माझ्या तोंडून खरंच निघालं.

"म्हणजे आईबाबांचं मुलीकडे लक्ष नसणं," मी म्हटलं.

तिनं पुन्हा कागदाकडे पाहिलं. मला वाटलं आता ती रागावेल. आंटी तशी नाही, तू खोटं का लिहिलंस, असं विचारेल. मी उत्तर जुळवत होते. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती बोटानं ओळी मोजत होती, गणितात काहीतरी राहून गेलं की मोजते तशी.

"मग त्या मुलींना तुझ्या वर्गात बसवलं?"

"हो."

"दिवसभर?"

"हो."

"मग माझं नाव काऊन नाही लिहिलं?" ती म्हणाली. आणि कागद माझ्याकडे फिरवून तिनं दाखवलं, दोन नावांच्या खाली एक ओळ रिकामी होती.